पाच वर्षांचा शब्द मध्येच बदलू नका : ब्रिटिश संसदेच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून, माझ्या गावातून हे पत्र लिहितो आहे. संक्रांत नुकतीच झाली. पऱ्हाटीची शेवटची वेचणी चालू आहे, धुऱ्याकडेला तुरीच्या गंज्या लागल्या आहेत. अशा दिवसांत इथला माणूस कापसाच्या भावाबद्दल लिहील. मी तुमच्या देशाच्या व्हिसाच्या नियमांबद्दल लिहितो आहे. माझा त्यांच्याशी संबंध दोनदा आला. एकदा माझ्या स्वतःच्या संसारापायी, आणि आता माझ्या पुतणीपायी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तुमच्या सरकारनं एक प्रस्ताव मांडला. कुशल कामगार म्हणून आलेल्या माणसाला कायम वास्तव्याचा अर्ज आजवर पाच वर्षांनी करता येतो, तो यापुढे साधारणपणे दहा वर्षांनी करता येईल. पगार जास्त असेल तर काही वर्षं कमी, इंग्रजी उत्तम असेल तर एक वर्ष कमी, सरकारी मदत घेतली असेल तर वर्षं वाढीव, असा तो सगळा हिशोब आहे. उद्या येणाऱ्यांसाठी हा नियम केलात तर मला तक्रार करायचं कारण नाही. तुमच्या घरात कुणाला घ्यायचं ते तुम्हीच ठरवायचं. पण जे आधीच आलेले आहेत, पाच वर्षं मोजत बसलेले आहेत, त्यांनाही हाच नियम लावायचा विचार आहे. त्यावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मतं मागवली आहेत. हे माझं मत.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडला शिकायला गेली. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एमएस्सी केली, शिकून झाल्यावर मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा घेतला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका खासगी कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर कुशल कामगार झाली. ती न्यूकॅसलला असते. पुलांच्या डिझाइनचं काम करते. भावाची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे, त्यातली चार एकर तिच्या शिक्षणाच्या कर्जापायी बँकेकडे गहाण आहे. शिक्षणाची आणि त्यानंतरची वर्षं तुमच्या मोजणीत धरत नाहीत. तिची पाच वर्षं फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२९ मध्ये पुरी व्हायची. भावानं ती तारीख घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. कॅलेंडर दर वर्षी बदलतं, तारीख तो नव्यावर उतरवून घेतो.

भाऊ तिला पाठवायला तयार नव्हता. कारण मी. २००७ मध्ये मी तुमच्या देशातून बायको-पोरासकट कसा परत आलो, ते त्यानं पाहिलं होतं. पण मीच त्याला समजावलं. म्हणालो, तेव्हा त्यांनी नियम बदलला हे खरं, पण त्यांच्याच कोर्टानं त्यांना चूक ठरवलं. एकदा कोर्टात हरलेलं सरकार तीच चूक पुन्हा करणार नाही. म्हणजे तुमच्या शब्दाला मी माझ्या भावाजवळ जामीन राहिलो. हे पत्र मी त्या जामीनदाराच्या नात्यानं लिहितो आहे.

आता माझी गोष्ट. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा संसदेत नसतील.

तुमच्या सरकारनं जानेवारी २००२ मध्ये उच्च कुशल स्थलांतरितांसाठी गुणांवर आधारलेली योजना सुरू केली. नोकरी आधी हातात असायची गरज नव्हती. शिक्षणाचे गुण, अनुभवाचे गुण, मिळकतीचे गुण, आणि मी अर्ज केला त्या काळात ६५ झाले की दार उघडं. मी अमरावतीला इंजिनिअर झालो होतो आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात दहा वर्षं मेंटेनन्समध्ये काढली होती. भट्टीजवळच्या उन्हाळ्यातली ती दहा वर्षं कुणी गुणांत मोजतंय, याचंच मला तेव्हा अप्रूप वाटलं होतं. मी २००५ मध्ये अर्ज केला आणि गुण भरले.

त्या अर्जासोबत एक लेखी निवेदन द्यावं लागे. ब्रिटन हेच आपलं मुख्य घर करण्याचा माझा इरादा आहे, असं. 'मुख्य घर' हे शब्द माझ्या नीट लक्षात आहेत, कारण त्यावर सही करण्याआधी मी दोन दिवस थांबलो होतो. वडील होते तेव्हा. ते म्हणाले, सही करशील तर मग तसंच वाग. म्हणून मी तसंच वागलो. नोकरीचा राजीनामा दिला, प्रॉव्हिडंट फंड काढला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिनंही राजीनामा दिला. जिल्हा परिषदेची कायम नोकरी सोडणं म्हणजे काय, हे यवतमाळात कुणालाही विचारा. जानेवारी २००६ मध्ये आम्ही तिघं पूर्व लंडनमध्ये एका खोलीत राहायला लागलो. तीन महिने काम नव्हतं, मग एका छोट्या कारखान्यात मिळालं.

७ नोव्हेंबर २००६ ला नियम बदलले. अनुभवाचे गुण काढून टाकले. वयाचे आणले. मुक्काम वाढवून मागतानाही आता नव्या परीक्षेत पास व्हायचं होतं, आणि पासाचा आकडा ७५.

त्या रात्री आमच्या खोलीतल्या टेबलावर मी पोराच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या बाजूला गणित मांडलं. पदवीचे ३०. ब्रिटनमधल्या कामाचे ५. वयाचा एकही नाही, कारण माझी बत्तिशी उलटून गेली होती. सिमेंट कारखान्यातली दहा वर्षं शून्य. उरलेले ४० मिळकतीतून यायला हवे होते, त्यासाठी वर्षाला ३५ हजार पौंड लागत. माझा पगार त्याच्या जवळपासही नव्हता. मी तीनदा बेरीज केली. बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती, तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोरगं उठून म्हणालं, बाबा, माझ्या वहीत का लिहिता.

कंपनीला वर्क परमिटसाठी विचारलं. कंपनी लहान, तिनं हात वर केले. मी मुदतवाढीचा अर्ज केलाच नाही. नापास होणार हे ठाऊक असताना फी भरायला पैसे नव्हते. जानेवारी २००७ मध्ये आम्ही गावी आलो. बायकोला तिची नोकरी पुन्हा मिळाली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुमच्या संसदेच्या मानवाधिकारविषयक संयुक्त समितीनं या बदलावर अहवाल दिला आणि तो न्यायाला धरून नसल्याचं म्हटलं. तुमच्याच संसदेची समिती. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला की आधीच आलेल्यांना नवे नियम लावणं बेकायदा होतं. एप्रिल २००९ मध्ये दुसरा निकाल आला. कायम वास्तव्याची मुदत एप्रिल २००६ मध्ये चारवरून पाच वर्षं केली होती, तीही त्याआधी योजनेत आलेल्यांना लागू करता येणार नाही, असा. पहिल्या निकालाची बातमी मी दारव्ह्याच्या सायबर कॅफेत वाचली. वाचून बाहेर आलो आणि बसस्टँडवर बराच वेळ नुसता बसून राहिलो. परत गेलेल्यांसाठीही पुन्हा अर्जाची वाट निघाली. पण तोवर शेती हाती घेतली होती, पोराचं नाव शाळेत घातलं होतं. पुन्हा सगळं मोडून निघायची उमेद आमच्यात उरली नव्हती.

तुमचे वकील आज म्हणतील, तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा सरकारच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की योजना बदलली तरी आधी आलेल्यांना त्याची झळ लागणार नाही. आत्ताच्या व्हिसात तसं लिहून दिलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीनं हा फरक मोठा असेल, मी वकील नाही. पण लिहून दिलं नाही म्हणून शब्द नव्हता, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

आमच्याकडे सालदार गुढीपाडव्याला ठेवतात. साल म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. ओसरीवर बसून रक्कम ठरते, ज्वारीची पोती ठरतात, घोंगडं, पायताण, पोळ्याला कपडे. कागद नसतो. मी दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी भादव्यात पावसानं दडी मारली, पात्या-बोंडं गळली, आणि माझ्या वडिलांनी सालदाराला सांगितलं की यंदा एक पोतं ज्वारी कमी घे, सालच वाईट आहे. सालदार काहीच बोलला नाही, खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. आजी सुपात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पाडव्याले बोलला होता ना तू? मंग पाडव्यालोक तेच राहीन." वडिलांनी त्याच संध्याकाळी कोठीतून पोतं काढून त्याच्या बैलगाडीवर टाकलं. पुढच्या पाडव्याला त्यांनी रक्कम कमी सांगितली. सालदारानं ती ऐकली आणि दुसऱ्याच्या घरी साल धरलं. दोघंही मोकळे होते, कारण पाडवा होता.

माझ्या पुतणीचं साल पाच वर्षांचं ठरलं होतं. दोन भरत आली आहेत. आता तुम्ही म्हणता, दहा. ती दुसऱ्याच्या घरी साल धरू शकत नाही, कारण तिची घालवलेली वर्षं तुमच्याजवळ जमा आहेत.

माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी ही की माणूस गुण मोजूनच निर्णय घेतो. गुणांची पद्धत आणली ती कशासाठी? अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही राहू नये, अर्जदाराला घरी बसून आपला हिशोब करता यावा, यासाठीच ना? कॅनडानं १९६७ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा आणली तीही रंग-वंशाऐवजी शिक्षण आणि कौशल्य मोजायला. मग ज्या मापानं मोजून घेतलं तेच माप नंतर बदललं, तर पद्धतीत राहिलं काय? कापूस खरेदी केंद्रावर आमचा माल ओलाव्याच्या मशीननं मोजतात. १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत. वाईट वाटतं, पण शेतकरी ते मान्य करतो, आणि दुसऱ्या दिवशी वाळवून आणतो. पण काटा झाला, काटापट्टी हातात पडली, कापूस गंजीवर चढला, आणि मग कुणी म्हणालं की आता ओलावा ६ टक्के हवा, तर? तसं इथे होत नाही.

दुसरी तक्रार पगाराच्या रेषेबद्दल. सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर मिळकत असेल तर दहातली पाच वर्षं कमी होतील, असा प्रस्ताव आहे. म्हणजे जास्त पगारवाल्याची मुदत आहे तीच राहणार. माझ्या पुतणीचा पगार ३७ हजार आहे. ती लंडनला असती तर जास्त मिळाला असता, पण पूल न्यूकॅसललाही लागतात. राजधानीच्या मापानं सगळा मुलूख मोजायचा, हे आम्हा विदर्भातल्या लोकांना नवीन नाही. अनुशेष हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. ऑस्ट्रेलियाच्या गुणतक्त्यात आडवळणाच्या प्रदेशात जाऊन राहायला तयार असलेल्याला राज्यानं नामांकन दिलं तर १५ गुण जादा मिळतात. तुमच्या नव्या हिशोबात उत्तरेकडच्या शहरात कमी पगारावर काम करणाऱ्याचं साल लांबतं.

खर्चाचं थोडक्यात. आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे. पाच वर्षं वाढली की ५,१७५ पौंड, आमचे सहा लाख रुपये. व्हिसाची फी वेगळी. कर ती इतरांइतकाच भरते, सरकारी मदतीवर मात्र तिचा हक्क नाही. हे तिला जाताना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. ते दहा वर्षं चालेल हे माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त डाचते ती मालकाची बांधणी. कायम वास्तव्य मिळेपर्यंत तिचा व्हिसा कंपनीला बांधलेला आहे. कंपनी बुडाली किंवा कंपनीचा परवाना गेला, तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. ६० दिवसांत सोयाबीन धड शेंगा धरत नाही. पाच वर्षं माणूस हे सोसतो, कारण पुढचं टोक दिसत असतं. वरिष्ठानं उशिरापर्यंत थांबवलं तर थांबतो, बढती दुसऱ्याला दिली तर गप्प बसतो. पुतणी फोनवर यातलं काही सांगत नाही. पण मी त्याच जागी बसून आलो आहे, मला तिच्या न बोलण्यातून कळतं. हे दहा वर्षं करायला लावणं म्हणजे एका शिकलेल्या मुलीच्या उमेदीचा काळ मालकाच्या ताब्यात देणं. २०३४ मध्ये ती छत्तीस वर्षांची असेल.

आधी आलेल्यांना वगळून नियम करता येत नाही, हे मात्र मला सांगू नका. एप्रिल २०२४ मध्ये तुम्ही या व्हिसाच्या पगाराची किमान रेषा २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. दोन्ही वेळा आधीपासून या मार्गावर असलेल्यांसाठी वेगळी, खालची रेषा ठेवलीत. तेव्हा तुम्हाला जमलं. पुतणीचं निभावलं ते त्यामुळेच, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो. पगाराच्या बाबतीत जे न्याय्य वाटलं ते वर्षांच्या बाबतीत का वाटू नये?

आता दोन शब्द आपल्याकडच्या लोकांसाठी, कारण हे पत्र मराठीत आहे. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार झाला. त्यासोबत असंही ठरलं की भारतातल्या कंपनीनं तात्पुरतं तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्याला तीन वर्षं तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही. चांगली गोष्ट. पण ती मोठ्या कंपन्यांनी पाठवलेल्यांसाठी आहे. स्वतःच्या हिमतीवर, बापाचं वावर गहाण टाकून गेलेल्या पोरांसाठी त्यात काही नाही. विदर्भातल्या खासदारांना माझी विनंती आहे की हा प्रश्न लोकसभेत विचारा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं १२ फेब्रुवारीच्या आत ब्रिटनला काही कळवलं का, आणि काय कळवलं, एवढं तरी विचारा.

सदस्यहो, माझ्या मागण्या अशा.

नवा नियम लागू होण्याच्या दिवसाआधी जो कुशल कामगार म्हणून आला, त्याची मुदत पाच वर्षंच राहू द्या. त्याला नव्या पगाराच्या रेषेनं मोजू नका.

पुढच्यांसाठी नियम बदलायचा असेल तर अर्ज करण्याआधी माणसाला कळेल इतका अवधी ठेवून जाहीर करा, आणि त्याचा अर्ज ज्या दिवशी आला त्या दिवसाचा नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहील, हे या वेळी लिहून द्या. पत्रकात नको, नियमातच.

स्पॉन्सर बुडाला तर मिळणारे ६० दिवस वाढवून किमान सहा महिने करा. चूक कंपनीची असताना शिक्षा कामगाराला होते.

आणि हा बदल नुसता संसदेच्या टेबलावर ठेवून होऊ देऊ नका. तुमच्याकडे स्थलांतराचे नियम सरकार पटलावर ठेवतं आणि ४० दिवसांत कुणी हरकत मंजूर करून घेतली नाही तर ते चालू राहतात, हे मी २००६ मध्ये शिकलो. या वेळी चर्चा मागा, मतदान मागा. विरोधात मत पडलं तरी कुणी दिलं हे आम्हाला दिसेल.

या पत्राचं इंग्रजी माझ्या मुलानं केलं आहे. वहीत का लिहिता म्हणणारा तो, आता चोवीस वर्षांचा आहे. ते आम्ही मुदतीच्या आत तुमच्याकडे पाठवतो आहोत. ज्यांची मुलं-मुली तिकडे आहेत त्या इथल्या घरांनीही आपापलं लिहून पाठवावं, मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजी करून द्यायला आम्ही आहोत.

संक्रांतीला पुतणीचा फोन आला होता. न्यूकॅसलला एक लहान घर हप्त्यावर मिळत होतं. तिनं विचारलं, "मोठे बाबा, घेऊ की थांबू?" मी म्हणालो, थांब. तिच्या शिक्षणापासून आजवर तिला थांब म्हणायची वेळ माझ्यावर आली नव्हती. तुमचा निर्णय झाला की मी तिला परत फोन करीन.

आपला,
एक माजी उच्च कुशल स्थलांतरित, आता शेतकरी
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
जानेवारी २०२६